नॉन्क ओव्हीदना नाही म्हणता येत नाही

“पापा, इस्टरच्या सुट्टीत तुमची जुनी व्हॅन द्याल का? आम्हा तिघींनाच. तीन दिवसांसाठी.”

तोंड माझं होतं, पण प्रश्न पैजेचा होता. शाळेच्या खानावळीत राजमा-भात चिवडता चिवडता जोझेट म्हणाली होती, “स्टेजवर भाषण ठोकायला काय लागतं? बापाकडे व्हॅन मागून दाखव.” डेनिशानं लगेच वरून फोडणी घातली, “हिचा बाप त्या व्हॅनला दर रविवारी आंघोळ घालतो. हिला लहानपणी घातली नसेल इतकी निगुतीनं.”

हल्ली कुणी पैज लावली की मी मागे हटत नाही. जानेवारीपर्यंत हटायचे. जानेवारीपर्यंत मी अशी होते की बाईंनी हजेरीत ‘क्लेली गीद्री’ म्हटलं तरी डेनिशानं कोपरानं ढोसल्याशिवाय ‘हजर’सुद्धा तोंडातून निघत नसे. मग वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय मीच निवडला. आमच्या पणजोबांची घरची भाषा फ्रेंच, पण त्यांच्या वेळी शाळेत ती बोललं की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचे. म्हणून मग त्यांनी पोरांना फ्रेंच शिकवलीच नाही, आणि म्हणून आज माझे पापा फ्रेंचमध्ये फक्त शिव्या देऊ शकतात. या वाक्याला अख्खं सभागृह हसलं. ते हसू ऐकलं आणि माझ्या आतली कुठलीतरी गाठ सुटली. त्यानंतर मी थांबलेच नाही. ‘आपलं जे आपण दाखवणार नाही, ते मरणार’ असा शेवट केला आणि पहिला नंबर घेऊन घरी आले. मम्मी म्हणते, “हिचं गप्प बसायचं बटण त्या सभागृहातच पडलं. कुणाला सापडलं तर आणून द्या.”

तर पापा अंगणात क्रॉफिश धरायचे जाळीचे पिंजरे दुरुस्त करत बसले होते. ‘नाही’ला द्यायची उत्तरं मी ओळीनं पाठ करून गेले होते. पण पापांनी पक्कड खाली ठेवली आणि विचारलं, “जाणार कुठं?”

“इथंच. आपल्याच भागात.”

“इथं काय बघायचंय?”

“तेच तर. वर्गातली निम्मी मुलं सुट्टीत फ्लोरिडाला जाऊन पाठी भाजून घेतात. शेजारच्या गावात कोण काय करतं हे कुणाला माहीत नाही. आम्ही अशा म्हाताऱ्या माणसांकडे जाणार, जी जुनं काहीतरी अजून हातानं करतात. रात्री नातेवाइकांकडे झोपू. तुम्हाला कुठला खर्च नाही.”

पापांनी पिंजरा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “नकाशा काढ. मग बघू.”

जोझेट पैज हरली. पुढचे चार दिवस माझं दप्तर तिनं उचललं.

पापा आधी समुद्रात, तेलाच्या विहिरींवर कामाला होते. ते काम सुटल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी बस घेतली, हिरवी रंगवली आणि बाहेरच्या पाहुण्यांना दलदलीतल्या मगरी दाखवायला सुरुवात केली. पण मगरींना आमच्या घराची काळजी कुठली? ऊन नसलं की त्या वर येत नाहीत, आणि पाहुणे वैतागून परत जातात. त्यामुळे पापा घरी असले तरी बहुतेक वेळ भिंतीकडे बघत असायचे.

ते माझ्या शेजारी येऊन बसले, ही माझ्यासाठी मोठीच गोष्ट होती. खाटकाकडचा तपकिरी कागद जेवणाच्या टेबलावर पसरून मी रस्ते काढायचे आणि पापा पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. “हा पूल पावसानंतर बंद असतो. इथून वळ.” मी सांगत जायचे आणि ते ऐकत जायचे. पहिल्यांदा मिस व्हर्ली: त्या सासाफ्रासच्या झाडाची वाळलेली पानं उखळात कुटून गम्बोचा रस्सा दाट करायची पूड करतात, अजून मुसळानं, यंत्र नाही. मग ते जुनं नाचघर, जिथं शनिवारी नाचाआधी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरतात, पाय घसरावेत म्हणून. त्याच्या मालकाला प्रत्येक खिळ्याची गोष्ट ठाऊक आहे. आणि शेवटी नॉन्क ओव्हीद.

“नॉन्क तुम्हाला येऊ देणार?” पापांनी विचारलं होतं. त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं.

आमच्याकडे काका, मामा, आजोबांचा भाऊ, सगळेच नॉन्क. ओव्हीद हे पापांच्या आईचे थोरले भाऊ. बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, पलीकडे, भातखाचरांच्या मधोमध एकटे राहतात. ते ट्रेतर आहेत, म्हणजे दुखणाऱ्या माणसावर हात ठेवून प्रार्थना म्हणणारे. नागीण, चामखीळ, ऊन लागणं, तान्ह्या बाळाच्या तोंडातले फोड. डॉक्टरकडेही जातात लोक, पण डॉक्टरकडून येताना आधी नॉन्ककडे वळतात.

परवानगी मागायला मी सायकलनं गेले तेव्हा एक भातशेतकरी त्यांच्या ओसरीवर शर्ट काढून बसला होता. कमरेला नागीण. नॉन्कनी हात ठेवला, ओठ हलले, आवाज काही आला नाही. मग झालं. माणूस उठला, शर्ट घातला, आणि त्याच्या तोंडातून ‘आ’ निघाला तसा त्यानं ओठ चावला. आभार मानायचे नसतात. मानले की गेलेलं दुखणं परत येतं. त्यानं घाईघाईनं म्हटलं, “यंदा तुमचे टोमॅटो लवकर आलेत.” नॉन्क म्हणाले, “आलेत खरे.” जाताना त्यानं पायरीवर अंड्यांची टोपली ठेवली, पण तिच्याकडे न बघता, जणू ती आधीपासून तिथंच होती.

मी विचारलं, “नॉन्क, कुणी उगाच आलं, दुखत नसताना, तर?”

“ज्यानं मागितलं त्याला द्यायचं. मला नाही म्हणता येत नाही, पोरी.”

त्यांच्या दारावर पाटी नाही, नाव नाही. तोंडातोंडी कळतं. ट्रेतर स्वतःबद्दल कुणाला सांगत नाही आणि ज्याला माहीत आहे तोही गरजवंतालाच सांगतो. म्हणून मी भीत भीत विचारलं होतं, आम्ही तिघींनी यावं का. नॉन्कनी आधी पायरीवरची अंडी आत नेली. मग म्हणाले, “तिघी या. तमाशा बघायला येतात तसं नको. पाहुण्या येतात तसं या. गोड भात करीन.”

हे सगळं मी पापांना सांगितलं. हात हलवून, आवाज काढून, शेतकऱ्यानं ओठ कसा चावला त्याची नक्कल करून. पापा खूप हसले. मम्मी भांडी घासता घासता हसली. मला वाटलं होतं, मी या घराला कितीतरी दिवसांनी हसवलं.

“आणि घरी कधी असतात ते?” पापांनी विचारलं.

“नेहमीच. कुठं जाणार?”

सुट्टीच्या आदल्या आठवड्यात पापा म्हणाले की व्हॅनचे ब्रेक बघून घ्यायला हवेत, मुलींच्या हातात अशी गाडी देणार नाही, इस्टर झाल्यावर बघू. जोझेट म्हणाली, “बघ, मारली पलटी.” मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, “माझ्या बापाला माझ्या जिवाची काळजी आहे. तुझ्याला नसेल.”

सुट्टीच्या पहिल्या शनिवारी डेनिशाच्या आईची गाडी घेऊन आम्ही मिस व्हर्लींकडे निघालो, आमचं यायचं लांबलंय एवढंच सांगायला. मिस व्हर्ली डेनिशाच्या आजीच्या मैत्रीण. दारात पाऊल टाकायच्या आधीच म्हणाल्या, “पुन्हा? बुधवारी पोट भरलं नाही का तुमचं?”

“बुधवारी आम्ही शाळेत होतो, मिस व्हर्ली,” डेनिशा म्हणाली.

“तुम्ही नाही गं. हिची माणसं. बसभर होती. ओहायोची की कुठली. चांगली होती बिचारी. एकीला मुसळ उचलायचं होतं, ते तिनं स्वतःच्या अंगठ्यावर पाडून घेतलं. मी म्हटलं, बाई, अंगठा कुटून गम्बो दाट होत नाही.”

“कुणाची माणसं?” मी विचारलं.

“तुझ्या बापाची. क्लेलीनं पाठवलंय म्हणाला, म्हणून तर मी उखळ बाहेर काढलं. नाहीतर माझी पाठ बघतेस ना?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुला ठाऊक नव्हतं?”

गाडीत बसल्यावर जोझेटनं टोमणा मारला नाही, यावरूनच मला कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

डेनिशानं गाडी सुरू केली आणि म्हणाली, “आज शनिवार. बस आज पण असते.”

उखळानंतर नाचघर, नाचघरानंतर नॉन्क. क्रम मला कुणी सांगायला नको होता. मीच लावला होता तो.

बायूवरचा पूल ओलांडला आणि सपाट खाचरांच्या पलीकडे हिरवी बस दिसली. नॉन्कच्या अंगणात इतकी मोठी वस्तू मी कधी बघितली नव्हती. घरच लहान दिसत होतं तिच्यापुढे. ओसरीपासून टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत रांग होती: टोप्या, काळे चष्मे, फोन. पायरीवर पापा उभे होते आणि बसमध्ये बोलतात त्या आवाजात बोलत होते.

“आणि लक्षात ठेवा मंडळी, थँक्यू म्हणायचं नाही. म्हटलंत तर चामखीळ तुमच्याआधी बसमध्ये चढेल.”

सगळे हसले. मग पापांनी शेतकऱ्याची नक्कल केली. ओठ चावून. माझीच नक्कल, माझ्या हातवाऱ्यांसकट. पुन्हा सगळे हसले.

नॉन्क खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर एक धष्टपुष्ट माणूस. त्यानं विचारलं, “काल रात्री बिअर जरा जास्त झाली. डोकं दुखतंय. चालेल का?” आणि नॉन्कनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. ओठ हलले. पुढची बाई बसली, तिला म्हणे कुठं काही होत नव्हतं, नुसतं कसं वाटतं ते बघायचं होतं. नॉन्कनी तिच्याही कपाळावर हात ठेवला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. हात उचलताना ते दुसऱ्या हातानं मनगटाला आधार देत होते.

तेवढ्यात आमच्या मागून एक जुना ट्रक आला. आत एक तरुण बाई, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, रडून रडून आवाज बसलेलं. तिनं बस बघितली, रांग बघितली, फोन बघितले. मग ट्रक मागे घेतला आणि वळवून निघून गेली.

मी गाडीतून उतरले. नॉन्कनी वर पाहिलं. ते रागानं बघत नव्हते, तेच तर वाईट होतं. शाळेच्या अंगणात मारामारी करताना पकडलेल्या शहाण्या पोराकडे बघतात तसं बघत होते, की हे हिनं केलं असेल?

पापा दोन ढांगांत माझ्याजवळ आले. “तू इथं कशी? बरं, आलीस ते छान. ये, ओळख करून देतो. मंडळी, हीच ती माझी मुलगी.”

काहींनी टाळ्या वाजवल्या. मी परत गाडीत जाऊन बसले. भाषण करायला लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

पापा संध्याकाळी घरी आले ते शीळ घालतच. मी स्वयंपाकघरात उभी होते. मम्मी बटाटे सोलत होती.

“क्लेली, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे,” ते म्हणाले. “आज एक बाई रडली. खरंच रडली. मगर बघून आजपर्यंत कुणी रडलंय?”

“तुम्ही माझं नाव का घेतलंत?”

“मग कुणाचं घेणार? मी एकटा गेलो असतो तर नॉन्कनी कुत्रं सोडलं असतं अंगावर. तुझ्यावर जीव आहे त्यांचा.”

“आणि ते नाही म्हणू शकत नाहीत.”

“तेच तर,” पापा म्हणाले, आणि टोपी खुंटीला लावली.

त्यांना कळलंसुद्धा नाही आपण काय बोललो ते. मी म्हटलं, “पापा, ते म्हातारे आहेत. त्यांचा हात उचलत नव्हता.”

“अगं, नुसतं कपाळाला तर लावायचं. खाचरात नांगर थोडाच धरायचाय? आणि लोकांना कळायला नको का आपल्याकडे काय काय आहे? ‘आपण दाखवणार नाही ते मरणार.’ कोण म्हणालं होतं? मी खुर्चीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या त्या वाक्याला.”

माझं सगळ्यात आवडतं वाक्य त्यांनी असं माझ्याच तोंडावर मारलं. ते वाक्य मी लिहिलं तेव्हा खरं होतं आणि अजूनही खरं आहे असं मला वाटतं, पण बसमधून उतरून रांग लावणं म्हणजे दाखवणं, असं मी कधी म्हटलं होतं?

“व्हॅनचे ब्रेक?” मी विचारलं.

पापा फ्रिज उघडून आत बघत राहिले.

“मम्मी, व्हॅनचे ब्रेक खराब आहेत का?”

मम्मीनं बटाटा सोलायचा थांबवला नाही. “नाहीत,” ती म्हणाली. “त्यांना वाटलं तुम्ही आधी जाऊन आलात तर ती माणसं पुन्हा लगेच तयार व्हायची नाहीत.”

“तुला माहीत होतं.”

“सहलीच्या जाहिरातीचं पत्रक मीच टाइप केलं.” मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “सुट्टी लागली की सांगणार होतो तुला. मला वाटलं, तुला आनंद होईल. तुझाच बेत आहे ना सगळा.”

“आनंद होणार होता तर लपवलं कशाला?”

पापांनी थंड पाण्याची बाटली घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “उन्हाळाभराच्या जागा भरल्यात, क्लेली. दर बुधवारी आणि शनिवारी. आता मी लोकांना काय सांगू? घर मगरींवर चालत नाही.”

ते खोटं बोलत नव्हते, मला ठाऊक होतं. दोन वर्षं आम्ही तिघं त्या भिंतीकडे बघतच काढली होती. पण टेबलाशी माझ्या शेजारी बसून पेन्सिलीनं रस्ते दुरुस्त करणारा माणूस मला आठवत राहिला. मला वाटलं होतं, पापा माझ्यासाठी बसलेत.

रविवारी नॉन्क चर्चमध्ये आले नाहीत. त्यांची जागा कधी रिकामी नसते. सोमवारी डेनिशानं मला त्यांच्या दारात सोडलं आणि म्हणाली, “मी गाडीतच थांबते. आपण तिघी पुन्हा एकदम गेलो तर म्हातारा बंदूक काढेल.”

नॉन्क ओसरीवर होते. हात मांडीवर, तळवे वर केलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि सांभाळायला दिले होते.

“मी पाठवलं नव्हतं, नॉन्क.”

“ते शनिवारीच कळलं. गाडीतून उतरलीस तेव्हा.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी तुझं नाव होतं ना. तुझ्या नावावर मी घराची किल्ली काढून दिली असती.”

त्यांनी ते साधं म्हणून टाकलं. मी पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, कारण वर बघता येत नव्हतं.

“परवा पुन्हा येणार आहेत,” मी म्हटलं. “नाही म्हणा. एकदाच. दार लावून घ्या.”

“कुणाला खरं दुखतंय आणि कुणाला नाही, हे मी ठरवायचं नसतं. ज्या दिवशी ठरवायला लागेन, त्या दिवशी हातातलं ते जाईल.”

“कुठं जाईल?”

“आलं तिथं.”

“ती ट्रकवाली कोण होती? बाळ घेऊन आलेली?”

“लेजे लोकांची धाकटी सून. बाळाच्या तोंडात फोड. दूध ओढत नाही.” ते रस्त्याकडे बघायला लागले. “परत आली नाही. मी काल दिवसभर वाट बघितली. चर्चलाही गेलो नाही, म्हटलं येईल आणि मी नसेन.”

मला वाटलं होतं ते थकवा आला म्हणून गेले नाहीत. म्हणजे थकवाही होताच. कॉफीचा कप उचलताना त्यांनी दोन्ही हात लावले.

“लोक आता येणार नाहीत, पोरी,” ते म्हणाले. “फोन घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर आपली कंबर कोण उघडी करणार? बसवाले येतील. त्यांना मी हात लावीन. आणि ज्यांना हवंय ते पुलापाशीच वळतील.”

“मग काहीच करता येत नाही?”

“प्रार्थना दुसऱ्या कुणाला दिली तर माझ्याकडून जाते. पुरुषानं बाईलाच द्यायची, आणि ती वयानं लहान हवी. मग मी नुसता म्हातारा. माझ्यापुढे कुणीही बसो, मी सांगीन, माझ्याकडे काही नाही. ते खरंच असेल, त्यामुळे पापही नाही.” ते हसले. “भाचीची वाट बघत होतो, ह्यूस्टनच्या. तिनं कधी मागितली नाही. आणि आपण होऊन देता येत नाही. मागावी लागते.”

हे सांगताना ते माझ्याकडे अजिबात बघत नव्हते. भातावर पांढरे बगळे उतरले होते, त्यांच्याकडे बघत होते. मी ते बगळे दोनदा मोजले.

“घेतली तर गाव सोडून जाता येतं?” मी शेवटी विचारलं. “समजा कुणाला शिकायला जायचंय. लांब.”

“पाय बांधत नाही ती. तोंड बांधते.”

म्हणजे सांगायचं नाही. कुणाला काय झालं होतं, कोण आलं होतं, मी काय केलं, काही नाही. नक्कल नाही. जोझेटसमोर बढाई नाही. आणि कुणी चुकून आभार मानायला लागलं तर आपणच टोमॅटोचा विषय काढायचा. ज्या मुलीला टाळ्या आत्ता कुठं ऐकू यायला लागल्यात, तिनं हे घ्यायचं. आणि ‘नाही’ कुणालाच म्हणायचं नाही, कधीच. मला आत्तापर्यंत आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली होती, बोलणं, आणि तीही जानेवारीपासून.

मी उठले. नॉन्क म्हणाले, “गोड भात राहिला. त्या दोघींना घेऊन ये कधीतरी.” मी हो म्हटलं.

गाडीत डेनिशानं विचारलं, “काय म्हणाले?”

“काही नाही.”

तिनं गाडी बाजूला घेऊन माझ्या कपाळाला हात लावला. “ताप तर नाही. क्लेली, तू ‘काही नाही’ म्हणालीस. हा शब्द तुला येतो?”

मला हसू आलं. रडूही आलं. तिनं पुढं काही विचारलं नाही. पूल ओलांडताना मी लेजे लोकांच्या घराकडे वळायला सांगितलं. धाकटी सून दाराशीच होती. मी एवढंच म्हटलं, “आज बस नाही. नॉन्क घरी आहेत, आत्ता जा.” तिनं बाळाला उचललं, ट्रकची किल्ली घेतली आणि काही न बोलता निघाली.

घरी जेवायला भात आणि रस्सा होता. पापांनी भातावर रस्सा ओतला आणि माझ्याशी भांडण झालंच नव्हतं अशा आवाजात म्हणाले, “बुधवारची बस गच्च आहे. नॉन्क बरे आहेत ना? चर्चला नव्हते. सकाळी जाऊन सावलीसाठी एक मांडव टाकून देतो त्यांना.”

“रेमी,” मम्मी पापांना म्हणाली, “पोरीला जेवू दे.”

मी काटा ताटात ठेवला.

“पापा, मम्मी, मला एक सांगायचंय. उद्या सकाळी मी नॉन्ककडे जाऊन प्रार्थना मागणार आहे. मागितली की ते देतील, आणि दिली की त्यांच्याकडे काही उरणार नाही. बुधवारी तुमचा कुणी पाहुणा त्यांच्यासमोर बसला, तर ते ‘माझ्याकडे नाही’ म्हणतील आणि ते खरं असेल.”

पापांचा घास काट्यावरच राहिला. मम्मीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पापा काहीतरी जुळवत होते. नकाशावर वाकून रस्ता शोधताना त्यांच्या कपाळावर यायची ती आठी आली होती. ते म्हणाले, “म्हणजे ती मग तुझ्याकडे असेल.”

“हो. आणि मलाही कुणाला नाही म्हणता येणार नाही. तुम्ही अख्खी बस माझ्यासमोर आणून उभी केलीत, तर मी शेवटच्या माणसापर्यंत एकेकाच्या कपाळावर हात ठेवीन. आणायची की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून हे सांगत नाहीये. तुम्हाला ठाऊक असायला हवं, म्हणून सांगतेय. यानंतर याबद्दल मी या घरात एक शब्दही बोलणार नाही.”